झग्यातले वीर

सिनेमा पाहून बाहेर पडलेला माणूस आणि लग्नाच्या पंक्तीतून उठलेला माणूस, या दोघांना मत विचारावे लागत नाही. ते आपणहून सांगतात. मीही त्यांतलाच. तेव्हा 2025 साली आमच्या घराने जे तीन चित्रपट पाहिले, त्यांविषयी न विचारताच सांगतो.

फेब्रुवारीत 'छावा' आला. शिवाजी सावंतांची कादंबरी मी पूर्वी वाचलेली. त्यामुळे दर दहा मिनिटांनी "पुस्तकात असं नाही हो!" असे पुटपुटत होतो. शेवटी शेजारचे गृहस्थ "मास्तर, जरा पाहू द्या" म्हणाले. विकी कौशल उत्तम, आवाज फार. एवढेच.

जुलैत धाकट्या चिरंजीवांच्या हट्टाखातर 'सुपरमॅन'. आता दोन तास हा गडी सगळ्यांना लोळवणार, अशा तयारीने मी खुर्चीत झोपेची सोय करून घेतली होती. पण चित्रपट सुरू होतो तोच मुळी हा वीर मार खाऊन बर्फात कोसळतो, आणि त्याचा कुत्रा त्याला फरफटत घरी नेतो! माझी झोप उडाली. 2013 च्या चित्रपटात काढून घेतलेली तांबडी चड्डी या खेपेला त्याला परत मिळाली आहे. विजारीवरून चड्डी हा प्रकार आमच्या सौभाग्यवतींना मात्र शेवटपर्यंत पटला नाही. "घाईत घातली असेल बिचाऱ्याने," असे म्हणून त्यांनी त्याला क्षमा केली.

सप्टेंबरात 'दशावतार'. दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडल्यावर रंगवलेला बाबुली मेस्त्री. नजर अधू होत चाललेला, कोकणातला दशावतारी नट. तोंडाला रंग लागला की त्याच्या अंगात जे संचारते, त्यापुढे झगा घालून आकाशात उडणे म्हणजे काहीच नाही. उत्तरार्धात कथा जरा वाहवते, असे माझे मत आहे. ते मी घरात बोललो नाही. सौभाग्यवतींचे माहेर सावंतवाडी.

गणपतीला आलेला भाचा जाताना एक इंग्रजी पुस्तक ठेवून गेला होता. "मामा, वाचून पाहा. सुपरहीरोंची गोष्ट आहे, पण सांगतोय खलनायक." ऑस्टिन ग्रॉसमन या लेखकाची 2007 ची कादंबरी, 'लवकरच मी अजिंक्य होईन' अशा अर्थाचे नाव. माझे इंग्रजी बेताचे. शब्दकोश मांडीवर घेऊन महिनाभर वाचत होतो. निम्मी प्रकरणे डॉक्टर इम्पॉसिबल सांगतो, उरलेली फेटाल नावाची अर्धी यंत्र झालेली एक स्त्री. फेटालची प्रकरणे मी भराभर उलटली. डॉक्टरांची दोनदा वाचली. हा विद्वान जग जिंकायला निघतो, मार खातो, तुरुंगात जातो आणि पुन्हा नवी योजना आखू लागतो. हसून हसून पुरेवाट होते. मग हळूच कळते, की हा शाळेतला एक हुशार, एकटा पोरगा होता. त्याच्याकडे कोणी नीट पाहिलेच नाही.

इथे मी पुस्तक मिटले.

माझ्या वर्गात, आठवीत, मागच्या बाकावर असा एक मुलगा होता. व्याकरणाच्या तासाला वहीत यंत्रे काढी. पाठीला इंजिन बांधलेला माणूस, पाण्याच्या पंपाला पंख. एके दिवशी मी ती वही उचलून वर्गापुढे धरली आणि म्हणालो, "पाहा, आपले शास्त्रज्ञ!" वर्ग खो-खो हसला. विनोद साधला म्हणून मलाही बरे वाटले. "वडिलांना घेऊन ये, मग वही मिळेल," असे सांगून ती खणात टाकली. वडील आले नाहीत. ते मुंबईला नोकरीला असून फक्त गणपतीत येत, हे मला फार पुढे समजले. पोराने ते सांगितले नाही, आणि त्यानंतर वर्गात दुसरेही काही सांगितले नाही. दहावीला तो दुसऱ्या शाळेत गेला.

शाळेची कपाटे बदलली तेव्हा ती वही माझ्याबरोबर घरी आली. परवा काढून पाहिली. इंजिनवाल्या माणसाखाली लिहिले आहे: 'नाव अजून ठरले नाही.' नऊ पाने कोरी आहेत.

तालुक्याला त्याचे पंपदुरुस्तीचे दुकान आहे. एसटीतून पाटी दिसते. गेल्या वर्षी एकदा उतरलो होतो. दुकानात गिऱ्हाईक होते, म्हणून परत फिरलो. खरे म्हणजे गिऱ्हाईक एकच होते.

भाऊबीज झाली की सकाळच्या गाडीने जायचे ठरविले आहे. वही पिशवीत घातली आहे. बरोबर चिवड्याचा डबा द्यावा की नुसतेच जावे, यावर सौभाग्यवतींचा निर्णय अजून व्हायचा आहे.