निळे कागद

कागदाशी आमचा संबंध पोटापुरता. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आम्ही कागद घेतो, त्याची नोंद करतो, त्यावर टिपण लिहितो आणि तो पुढे धाडतो. अलीकडे यातले पुष्कळसे काम संगणकाच्या पडद्यावर होत असले, तरी पडद्यावर जे दिसते तीही कागदाचीच सावली. असे आयुष्य घालवणारा मनुष्य कागद वाचतो. पाहत मात्र नाही. वाचणे आणि पाहणे यांतले अंतर आमच्या ध्यानी यावे, यासाठी अहमदाबादेची बदली आणि आमच्या भाचीचे शिक्षण असे दोन योग एकत्र जुळून यावे लागले.

भाची मिरजेची. पालडीच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ती शिकते. ही संस्था १९६१ साली निघाली. तिच्या मुळाशी चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला सादर केलेला अहवाल आहे. सरकारी अहवाल आम्ही थोडेथोडके वाचलेले नाहीत. परंतु घरातल्या साध्या लोट्याचे इतक्या आस्थेने गुणवर्णन करणारा दुसरा अहवाल आमच्या पाहण्यात नाही. त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर कसा राहावा, कडेवर कसा बसावा, भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा साधावा, याचा त्यात विचार आहे. रोजच्या वस्तूकडे प्रथमच पाहिल्यासारखे पाहावे, हा या विद्येचा पहिला धडा असावा.

रविवारी भाची आमच्या क्वार्टरवर येते. वसतिगृहाच्या जेवणाला कंटाळून येते, अशी आमच्या कुटुंबाची प्रेमळ समजूत आहे. खरे आकर्षण आमच्या गच्चीवरचे ऊन. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ही दोन द्रव्ये पाण्यात कालवून ती न्हाणीघराच्या मंद उजेडात जाड कागदावर ब्रशाने फिरवते. कागद वाळला की त्यावर वस्तू मांडायची, वर काच ठेवायची आणि काही मिनिटे उन्हात धरायचे. मग स्वच्छ पाण्यात धुतले, की ऊन लागलेला भाग गर्द निळा होतो आणि झाकलेला पांढरा राहतो. कॅमेरा नाही, भिंग नाही, तरीही हे छायाचित्रणच. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने ही रीत १८४२ साली शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी शेवाळांच्या अशाच निळ्या छाया काढून त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. इंजिनियरांचा ब्ल्यू प्रिंट तो हाच.

आरंभी आमच्या घरातले पुरणयंत्र, कंगवा, किल्ल्यांचा जुडगा असे सर्व काही निळ्यावर पांढरे होऊन गेले. पुढे तिने काळ्या पुठ्ठ्याची अक्षरे कापण्यास आरंभ केला. एके दिवशी ती म्हणाली, "मामा, तुमच्याकडे समास सोडायचा नियम आहे ना? अक्षराच्या पोटातही तसाच समास असतो. तो चुकला की अक्षर गुदमरतं." आम्ही कचेरीत ज्या 'मंगल' वळणात हिंदी पत्रे टंकलिखित करतो, ते वळण र. कृ. जोशी या मराठी कवीने आणि सुलेखनकाराने घडवले, हेही आम्हांस तिच्याकडूनच कळले. दुसऱ्या दिवशी कचेरीत एक साधे स्मरणपत्र लिहिताना 'म'च्या गाठीशी आम्ही बराच वेळ थबकलो.

तिचा खरा प्रयोग 'पतंग' या शब्दावर चालला होता. गुजराती लिपीला शिरोरेखा नाही. आणि प, त, ग ही अक्षरे शिरोरेखा काढली की दोन्ही लिपींत जवळजवळ सारखीच दिसतात. तिने अक्षरे पुठ्ठ्याची ठेवली व शिरोरेखा मात्र पातळ बटर पेपरची केली. त्यातून थोडे ऊन झिरपावे आणि रेघ फिकट निळी उमटावी, म्हणजे जवळून शब्द देवनागरी दिसेल व दुरून गुजराती, असा तिचा हिशेब. चार मिनिटांत पार्श्वभूमीच फिकी राहिली. बारा मिनिटांत शिरोरेखाच बुडाली. प्रत्येक कागदाच्या पाठीवर ती तारीख, वेळ, मिनिटे आणि आकाशाची स्थिती लिहून ठेवी. बिघडलेला एकही कागद तिने फेकला नाही. इतके चोख दप्तर आमच्या शाखेतही नाही.

याच सुमारास मिरजेहून दाजींचा फोन आला. दाजींचा लेथचा लहानसा कारखाना आहे. मुलीच्या चार वर्षांच्या शिक्षणासाठी त्यांनी कर्ज काढले आहे. पुढचा हप्ता भरण्यापूर्वी त्यांना आमचा अभिप्राय हवा होता. "पोरगी शिकते आहे की खेळते आहे, एवढं स्पष्ट सांगा. खेळत असेल तर परत आणतो. इथे कॉलेजं आहेत."

'योग्य निर्णयार्थ सादर' असे लिहून मोकळे होण्याची कला आपल्यासारख्या नोकरदारांना चांगली अवगत असते. येथे ती चालणार नव्हती. एका मुलीची पुढची वर्षे आमच्या दोन ओळींवर अवलंबून होती, आणि कलेतले तर आम्हांस काही कळत नव्हते. म्हणून आम्ही अभिप्राय दिलाच नाही. भाचीच्या परवानगीने ते बिघडलेले सगळे कागद, पाठीवरील नोंदींसह, क्रमाने लावून दाजींकडे पाठवले. शेवटी साधलेला 'पतंग' सर्वांत वर ठेवला. तो आमच्या चिरंजीवाने मराठी म्हणून वाचला होता आणि शेजारच्या बेनने जिन्यातूनच गुजराती म्हणून. एवढे मात्र सोबतच्या चिठ्ठीत लिहिले.

आठ दिवसांनी दाजींनी फोन केला तो आम्हांस नव्हे, मुलीस. आठ मिनिटांनंतर एकदम बारावर का गेलीस, मधले दहा का पाहिले नाहीस, यावर बापलेकींचा अर्धा तास वाद चालला. लेथवर माप जमेपर्यंत पहिले नग वाया जातातच, ते पुढे जपून ठेवावे लागतात, हे दाजींना कोणी शिकवावयास नको होते. हप्ता भरला गेला.

दाजींनी शेवटी एकच शंका विचारली: हा निळा रंग टिकतो का? भाचीने सांगितले, की प्रखर उजेडात तो हळूहळू फिका पडतो. मात्र कागद काही काळ अंधारात ठेवला, तर पुष्कळसा रंग परत येतो. दाजींनी 'पतंग' कारखान्यातल्या हिशेबाच्या कपाटाच्या आतल्या बाजूस लावला आहे. कपाट रोज दोनदा उघडते, असे ते म्हणाले.