कविता वाचायची नोकरी

बालमित्रांनो, ‘मोठेपणी कोण होणार?’ या प्रश्नाला ‘डॉक्टर’, ‘इंजिनिअर’ म्हटलं, की घरचे खूश! पण ‘मी आयुष्यभर कविता वाचणार’ म्हणालात तर? मी शाळेत भाषा शिकवतो. त्यामुळे ‘सर, कवितेनं पोट भरतं का हो?’ असं पालक मला नेहमी विचारतात. अशा वेळी मला मेयर हॉवर्ड एब्रम्स आठवतात.

त्यांचा जन्म १९१२ सालचा, अमेरिकेतल्या न्यू जर्सीतला. वडील घरांना रंग द्यायचे. कॉलेजात जाणारा घरातला हा पहिलाच मुलगा. १९३० साली तो हार्वर्ड विद्यापीठात गेला, तेव्हा देशात महामंदी होती. नोकरी कुठेच नव्हती. त्यानं विचार केला, उपाशीच राहायचं, तर निदान आवडीचं शिकून राहू! आणि त्यानं इंग्रजी साहित्य निवडलं.

दुसऱ्या महायुद्धात मात्र काम आलं वेगळंच. लढाईच्या गोंगाटातही कोणते शब्द नीट ऐकू येतील, हे शोधण्याचं! १९४५ साली ते कॉर्नेल विद्यापीठात शिकवू लागले आणि तिथेच रमले. १९५३ साली त्यांचं ‘द मिरर अँड द लॅम्प’ हे पुस्तक आलं. मिरर म्हणजे आरसा, लॅम्प म्हणजे दिवा. पूर्वी लोक म्हणत, कवीचं मन आरशासारखं असतं, समोर जे दिसेल ते दाखवणारं. वर्डस्वर्थ, कोलरिज या रोमँटिक कवींच्या काळात हे बदललं. मन दिव्यासारखं झालं, वस्तूंवर स्वतःचा उजेड पाडणारं. पाऊस एकच; पण सुट्टीच्या दिवशी तो वेगळा वाटतो आणि सहलीच्या दिवशी वेगळा. खरं ना?

हा बदल नेमका कसा झाला, हे दाखवायला त्यांनी ढीगभर जुनी पुस्तकं चाळली. आवड म्हणजे आराम नव्हे, मित्रांनो! प्रत्येकाला त्यांच्याएवढं यश मिळेल, असंही मी पालकांना सांगत नाही. पण जीव लावून केलेलं काम कधी हलकं नसतं, एवढं नक्की सांगतो.

वयाच्या शंभराव्या वर्षी, २०१२ साली, त्यांचं आणखी एक पुस्तक निघालं. त्यात ते सांगतात, कविता मोठ्यानं म्हणा. तिचे शब्द ओठांना, जिभेला जाणवू द्या. १०२व्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांना पदक मिळालं. २०१५ साली ते गेले.

आता तुमचं पाठ्यपुस्तक काढा. आवडती कविता निवडा आणि खणखणीत आवाजात म्हणा. आईबाबांनाही ऐकू जाऊ दे!