मों ब्लाँची परिक्रमा

आल्प्समध्ये अकरा दिवस पायी फिरून आलो असं सांगितलं की बडोद्यात हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, "जेवणाचं काय केलंत?" दुसरा, "आणि वाट चुकला असतात तर?" पहिल्याचं उत्तर पुढे देतेच. दुसऱ्याचं उत्तर असं की त्या वाटेवर चुकणं तसं अवघड आहे. खडकांवर, झाडांवर रंगाच्या खुणा आहेत, प्रत्येक फाट्यावर पाटी आहे आणि उन्हाळ्यात पुढे-मागे माणसं चालत असतात. मग गाईडला पैसे कशाला द्यायचे, हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याचंच उत्तर मला द्यायचं आहे.

आधी वाटेबद्दल. मों ब्लाँ हे आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर, सुमारे ४,८०६ मीटर. या वाटेवर शिखर चढायचं नसतं, त्याला वळसा घालायचा असतो. आपल्याकडच्या माणसाला समजावायचं तर गिरनारच्या परिक्रमेसारखं. फक्त गिरनारची परिक्रमा ३६ किलोमीटरची आणि ही साधारण १७० किलोमीटरची. फ्रान्समध्ये सुरू करायचं, इटलीत उतरायचं, स्वित्झर्लंडमधून फिरून पुन्हा फ्रान्समध्ये यायचं. रोज एखादी खिंड चढायची आणि पलीकडच्या दरीत उतरायचं. वाटेवरचे सगळे चढ एकत्र मोजले तर सुमारे १०,००० मीटर होतात, आणि तितकाच उतार. हा उतार लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

बेत सगळा ह्यांचा. निवृत्त झाल्यापासून दिवाणखान्याच्या भिंतीवर त्या भागाचा नकाशा चिकटवलेला होता. चार वर्षं पैसे साठवले आणि शेवटचं वर्षभर दर रविवारी पावागड पायऱ्यांनी चढलो. येताना मी कधी "उडनखटोल्यात बसू या" म्हटलं तर हे म्हणायचे, "आल्प्समध्ये उडनखटोला नसतो." पुण्याहून धाकटे दीर आणि जाऊबाई तयार झाल्या. आम्ही चौघं, तिघं आयरिश आणि हॉलंडचे एक बाप-लेक, असे नऊ जण. दहावी आमची गाईड, शामोनीच्या खोऱ्यात वाढलेली, चाळिशीतली, मोजकं बोलणारी.

आता मुक्कामाविषयी. हट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झोपडी येते. प्रत्यक्षात ही दगडी किंवा लाकडी, दोन-तीन मजली धर्मशाळाच असते, काही ठिकाणी जुना गोठा दुरुस्त करून केलेली. बऱ्याच हटपर्यंत मोटारीचा रस्ता जात नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच हंगाम असतो आणि त्यासाठी कित्येक महिने आधी जागा धरावी लागते. आत शिरताच चिखलाचे बूट दारातल्या मांडणीवर काढायचे आणि तिथल्याच सपाता घालायच्या. काठ्याही तिथेच. झोपायला एका खोलीत आठ-दहा, कधी वीस पलंग. उशी आणि पांघरूण मिळतं, पण स्वतःची पातळ झोपपिशवी आणावी लागते. गरम पाण्याची अंघोळ काही ठिकाणी टोकन घेऊन, मोजून काही मिनिटांची. रात्री दहाला दिवे बंद. घोरणाऱ्यांवर उपाय एकच, कापसाचे बोळे.

जेवण संध्याकाळी सातच्या सुमारास, सर्वांना एकदम, लांब बाकांवर बसून. आधी सूप आणि पाव, मग मुख्य पदार्थ, मग चीज किंवा काहीतरी गोड. शाकाहारी असल्याचं जागा धरतानाच कळवलं होतं, त्यामुळे कुठेही उपाशी राहिलो नाही. फ्रान्समध्ये मसूर आणि ऑम्लेट, इटलीत पास्ता किंवा पोलेंटा. पोलेंटा म्हणजे मक्याच्या पिठाची जाडसर उकड. जाऊबाईंनी त्यावर मेतकूट भुरभुरलं तेव्हा समोरच्या डच मुलानेही हात पुढे केला. आमचे थेपले मात्र दुपारी खिंडीत बसूनच खायचे. हटच्या जेवणघरात आपला डबा उघडणं बरं दिसत नाही.

पहिले चार दिवस गाईडचं काम काय, असं मलाही वाटत होतं. ती सर्वांत पुढे इतकी सावकाश चालायची की दिरांची चुळबुळ व्हायची. तासाला साधारण ३०० मीटर चढ, त्याहून जास्त नाही. तिकडच्या पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेला असतो, आणि आमची वेळ त्या पाट्यांच्या थोडी मागेच असे. पण दुपारी कोणी धापा टाकत नव्हतं, हेही खरं. सकाळी सातला निघण्याचा तिचा हट्ट असे, कारण जुलैत दुपारनंतर तिथे ढग दाटतात आणि उघड्या खिंडीत वीज गाठू शकते. चौथ्या दिवशी २,५१६ मीटर उंचीच्या कोल द ला सेन्य खिंडीतून आम्ही इटलीत गेलो. ना चौकी, ना कुंपण. एक पाय फ्रान्समध्ये आणि एक इटलीत ठेवून सर्वांनी फोटो काढले. हे तेव्हा शाळकरी मुलासारखे हसत होते.

पाचव्या दिवशी कुर्मायर गावात उतरायचं होतं. शेवटचा उतार झाडीतून, धुळीचा आणि सरळसोट. चढाला फुप्फुसं लागतात, उताराला गुडघे. अर्ध्यावर ह्यांचा उजवा गुडघा बोलू लागला. गावात बर्फ लावला, पट्टा बांधला. सहाव्या दिवशी बोनात्ती हटपर्यंतची चाल त्यातल्या त्यात सोपी होती, तीही ह्यांनी दात-ओठ खात पुरी केली. संध्याकाळी गुडघा नारळाएवढा दिसत होता.

बोनात्ती हट २,०२५ मीटरवर आहे. वॉल्टर बोनात्ती या थोर इटालियन गिर्यारोहकाचं नाव तिला दिलेलं आहे. समोर दरीपलीकडे ग्राँद झोरास शिखरांची भिंत, ४,२०० मीटरच्या वर. संध्याकाळचं ऊन तिच्यावर होतं आणि सगळे अंगणात चहा घेऊन बसले होते. गाईडने ह्यांना दहा पावलं चालायला सांगितलं, एक पायरी उतरायला सांगितली आणि म्हणाली, "उद्या तुम्ही खिंड ओलांडणार नाही."

दुसऱ्या दिवशीची ग्राँ कोल फेरे ही २,५३७ मीटरची खिंड. पलीकडे स्वित्झर्लंड आणि ला फूली गाव. इटलीच्या बाजूचा रस्ता आर्नूवापाशी संपतो. तिथून पुढे चढून गेलं की स्वित्झर्लंडचा उतार सुमारे ९०० मीटरचा, आणि मधे पाय थांबला तर हेलिकॉप्टरशिवाय इलाज नाही. दीर मधे पडले. "दादा हळू हळू चालेल, मी बॅग घेतो, दोन तास उशीर झाला तर झाला." ती शांतपणे म्हणाली, "दोन तास उशीर म्हणजे नऊ माणसं दुपारच्या विजेत." हे म्हणाले, "मी दुखणं सोसायला तयार आहे." त्यावर ती म्हणाली, "सोसणारे तुम्ही. पण तुम्हाला उचलावं लागेल यांना." आणि तिने सगळ्या टेबलाकडे हात केला.

हे काही बोलले नाहीत. नकाशावर ज्या खिंडीभोवती ह्यांनी चार वर्षांपूर्वी लाल पेनने गोल केला होता, ती हीच.

रात्री मी म्हटलं, "अहो, मीही तुमच्याबरोबर बसने येते." चौतीस वर्षांच्या संसारात आम्ही प्रवासाला निघून वेगवेगळ्या वाटेने गेलो नव्हतो. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बसमध्ये बसायला मला सोबत लागत नाही. खिंड मात्र कोणीतरी बघून यायला हवी. तू जा." गाईडलाही मी विचारलं. ती म्हणाली, "हा निर्णय मी करणार नाही. त्यांच्या गुडघ्याचा माझा होता, तुमच्या पायांचा तुमचा." कुठे 'नाही' म्हणायचं आणि कुठे गप्प बसायचं, दोन्ही तिला कळत होतं.

सकाळी आर्नूवापर्यंत हे आमच्याबरोबर काठ्या टेकत आले. तिथे उन्हाळ्यात कुर्मायरची बस येते. गाईडने कागदावर वेळा लिहून दिल्या होत्या. कुर्मायरहून बोगद्यातून शामोनी, तिथून रेल्वेने मार्तिनी, मग दुसऱ्या रेल्वेने ओर्सिएर आणि शेवटी बसने ला फूली. मों ब्लाँच्या पोटातून जाणारा तो बोगदा ११ किलोमीटरहून लांब आहे आणि १९६५ पासून वाहतुकीला खुला आहे. म्हणजे आम्ही डोंगरावरून आणि हे डोंगराखालून. बस वळणाआड जाईपर्यंत मी थांबले. गाईडने घाई केली नाही, पण पाच मिनिटांनी घड्याळाकडे पाहिलं.

खिंडीचा चढ नागमोडी, उघड्या गवताळ उतारावरून. वर वारा इतका की टोपी हातात धरावी लागली. मागे वळून पाहिलं तर आम्ही दोन दिवसांत चाललेली अख्खी दरी दिसत होती, पार कोल द ला सेन्यच्या बाजूपर्यंत. पुढे स्वित्झर्लंडची हिरवी कुरणं. मी फोटो काढायचे सोडून डोळे भरून पाहत राहिले, कारण संध्याकाळी मला ते शब्दांत सांगायचं होतं. उतरताना घंटा बांधलेल्या गाई वाटेत आडव्या आल्या. साडेतीनला ला फूलीत पोचलो आणि चारला ढग गडगडले. गाईड माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही. त्याची गरज नव्हती.

हे आमच्या आधी येऊन बाकावर बसले होते, हातात जर्दाळूंची कागदी पिशवी. मार्तिनीच्या खोऱ्यात जर्दाळूच्या बागा आहेत आणि जुलैत ते भरात असतात. "पाच वाहनं बदलली, एकही चुकलं नाही," हे अभिमानाने म्हणाले. मग जर्दाळू पुढे करत विचारलं, "खिंड कशी आहे?" मी रात्री जेवणापर्यंत सांगत होते.

पुढचे दिवस हे बस आणि रेल्वेने मुक्कामाला येत राहिले. अकराव्या दिवशी आम्ही शामोनीच्या उत्तरेकडच्या डोंगरातून चालत होतो. त्या बाजूला फ्लेजेर नावाच्या ठिकाणी गावातून थेट रोपवे येतो. पावागडच्या उडनखटोल्यात कधी न बसलेले आमचे हे त्यातून उतरले आणि म्हणाले, "नसतो असं कोण म्हणालं?" तिथून पुढची वाट बरीचशी सपाट. ती हे गाईडच्या परवानगीने आमच्याबरोबर चालले.

त्या वाटेवरून समोर बोसाँ हिमनदी दिसते, शिखराजवळून थेट खोऱ्याकडे उतरणारी. गाईडने आम्हाला तिथे बसवलं आणि एक जुनी हकीकत सांगितली. १८२० मध्ये डॉक्टर हामेल नावाच्या रशियन शास्त्रज्ञाची तुकडी मों ब्लाँवर निघाली होती. हवा बिघडली. वाटाडे परत फिरू म्हणत होते, पण पुढे जाण्याचा आग्रह झाला. ताजं हिम कोसळलं आणि तीन वाटाडे गेले. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या गाईडांची संघटना उभी राहिली. जगातली ही अशी पहिली संघटना. त्या तिघांचे अवशेष १८६१ मध्ये या हिमनदीच्या खालच्या टोकाला निघाले. डोंगराने चाळीस वर्षांनी परत केले.

मग ती आमच्या चौघांकडे वळली. याच हिमनदीतून आमच्या देशाच्याही खुणा बाहेर येतात. १९५० मध्ये एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' आणि २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनजंगा' ही विमानं मों ब्लाँवर आदळली. दुसऱ्यात ११७ जण होते, त्यांत डॉ. होमी भाभा. २०२० मध्ये या बर्फातून त्या काळची भारतीय वर्तमानपत्रं निघाली, इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी असलेली. दीर आणि हे दोघंही न बोलता टोपी काढून उभे राहिले. भाभांचं नाव ऐकून दोघांना त्यांचे विज्ञानाचे मास्तर आठवले असावेत.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण त्यात डोंगरातली चाल आणि हेलिकॉप्टरची सुटका धरली आहे का, ते वेगळं विचारा. स्वित्झर्लंडमध्ये त्याचा खर्च माणसाला सोसावा लागतो. मोठी बॅग रस्ता असलेल्या मुक्कामीच पोचते, म्हणून पाठीवरच्या पिशवीत दोन दिवसांचं सामान ठेवा. दोन काठ्या घ्याच. आणि सरावात चढण्याइतकंच उतरायलाही शिका. पावागड चढून जा, आणि पायऱ्यांनीच खाली या.

गाईड ठरवताना लोक भाषा विचारतात, दर विचारतात. तेही विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा की तुम्ही माणसाला कधी थांबवता आणि थांबवलेला माणूस पुढच्या मुक्कामी कसा पोचतो. ज्याच्याकडे या दोन्ही प्रश्नांची तयार उत्तरं आहेत, त्याच्या मागे निर्धास्त चाला. वाट तर पाट्याही दाखवतात.