चार जीबीचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका घरात 2019 च्या उन्हाळ्यात एक लहानसा वाद उभा राहिला. वादाचा विषय होता घरातला संगणक. पणाला लागली होती ती मात्र सूनबाईंची पत.

दुकानाचे जमाखर्च त्या घरी माडीवर लिहिले जात. काटापट्ट्या आणि बिले दुपारनंतर यार्डातून येत आणि बी. कॉम. झालेल्या सूनबाई ती टॅलीत चढवीत. हळदीचा हंगाम भरात आला की कागदांचा ढीग पडे. शिवाय दर महिन्याच्या 20 तारखेच्या आत जीएसटीचे 3बी विवरणपत्र भरायचे. या वर्षी प्रत्येक कामाला उशीर होऊ लागला. सासरे, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, चाळीस वर्षे स्वतःच्या हाताने खतावणी लिहिलेले गृहस्थ. एका रात्री जेवताना ते म्हणाले, "एवढ्या कामाला आम्हांला दोन तास पुरत असत. आता यंत्र आहे, तरी दहा वाजतात." शब्द कडू नव्हते, अर्थ सर्वांना कळला. चिरंजीवांनी तोडगा सुचवला, की काम बाहेरच्या हिशेबनिसाकडे द्यावे. तो तोडगा सूनबाईंना अधिक लागला.

त्यांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवसापासून एक वही उघडली. संगणक सुरू होण्यास लागलेली मिनिटे, टॅलीतून विवरणपत्राच्या पानावर जाताना पडदा गोठून राहिलेली मिनिटे, आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या कळा एकदम दाबल्यावर टास्क मॅनेजरमध्ये दिसणारा मेमरीचा आकडा अशा नोंदी पंधरा दिवस चालल्या. मेमरीच्या रकान्यात बहुतेक रोज एकच नोंद होती: 3.4 जीबीपैकी 3.2 वापरात.

पंधराव्या दिवशी वही अण्णांपुढे ठेवली गेली. अण्णांनी आधी बेरीज तपासली, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झाले. सूनबाईंनी वाया गेलेला वेळ 9 तास 50 मिनिटे धरला होता. अण्णांना एका दिवसाची 10 मिनिटे मिळवायची राहिलेली सापडली. त्यांनी लाल पेन्सिलीने 10 तास केले आणि मगच विचारले, "पण डिस्क तर अर्धी रिकामी आहे ना? मग जागा कुठे कमी पडते?"

हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो आणि त्यात गैर काही नाही, कारण जीबी हे माप दोन्हींना एकच आहे. सूनबाईंनी हरिपूरच्या पेवांचा दाखला दिला. जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे राहत असे. पण सौदा व्हायचा तर ती वर काढून ओट्यावर मांडावी लागे. डिस्क म्हणजे पेव, रॅम म्हणजे सौद्याचा ओटा. ओटा लहान असेल तर एक ढीग मांडण्यासाठी दुसरा पुन्हा पेवात उतरवावा लागतो, आणि हमालांचा सारा दिवस त्या चढउतारातच जातो. संगणकाचेही तेच होते. रॅम भरली की तो डिस्कवर ने-आण करू लागतो, आणि डिस्क रॅमच्या मानाने फार संथ. ओट्यावरचा माल रात्री तिथे ठेवता येत नाही, हेही साम्य खरे आहे. रॅममधला प्रत्येक अंक सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असतो. तो गळत राहतो म्हणून साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सारे पुसले जाते. जतन न केलेले काम हातचे का जाते, ते यावरून कळते.

अण्णांना पटले. नवा संगणक घेण्याची चिरंजीवांची सूचना त्यांनी बाजूला सारली, कारण रॅमच्या पट्टीची किंमत त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नव्हती. दुरुस्ती करणारा मुलगा आला. त्याने वीजजोडणीची तार काढली, पेटीच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, आणि जुन्या पट्टीवरची अक्षरे वाचून डीडीआर3 जातीचीच 4 जीबीची दुसरी पट्टी रिकाम्या खाचेत दाबली. नव्या डीडीआर4 पट्टीची खोबण वेगळ्या जागी असते. ती जुन्या खाचेत बसतच नाही. दोन्ही टोकांच्या चिमट्यांचा आवाज झाला, पेटी बंद झाली, मुलगा पैसे घेऊन गेला.

त्या संध्याकाळी संगणक पूर्वीइतकाच संथ चालला.

अण्णा काही बोलले नाहीत. चिरंजीव मात्र म्हणाले, "मी आधीच सांगत होतो." सूनबाई रात्री उशिरापर्यंत ती वही घेऊन बसल्या होत्या. नव्या पट्टीनंतरही मेमरीची नोंद 3.4 च्या पुढे सरकली नव्हती. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की चूक नव्या पट्टीत नव्हती; ती पंधरा दिवस त्यांच्याच अक्षरात समोर होती. संगणकात पहिल्यापासून 4 जीबी असताना वापरण्याजोगे 3.4 दिसत होते. वर उरलेले 0.6 गेले कुठे, हे ना त्यांनी विचारले, ना लाल पेन्सिलीने.

उत्तर सेटिंग्जच्या एका ओळीत सापडले: 32 बिट. हा संगणक 2013 साली त्या जातीच्या विंडोज 7 सह आला होता, आणि पुढे विंडोज 10 घेताना ती जात तशीच राहिली. 32 बिटांत अधिकाधिक 4,29,49,67,296 पत्ते लिहिता येतात; तेवढेच 4 जीबी. त्यातलेही काही पत्ते चित्रपटलासारख्या भागांसाठी राखून ठेवलेले असतात. ज्या वहीला 400च पानांचे क्रमांक आहेत, तिला आणखी कोरे कागद टाचले तरी खतावणीला त्यांचा उपयोग नाही.

उपाय एकच होता: डिस्क पुसून 64 बिटांचे विंडोज घालायचे. येथे खरी भीती होती, कारण डिस्कवर सहा वर्षांचे हिशेब होते. सूनबाईंनी दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला, त्यातला एक चिरंजीवांच्या लॅपटॉपवर उघडून तीन पार्ट्यांच्या बाक्या जुळवून पाहिल्या, टॅलीचा परवाना आधी सरेंडर केला, आणि मग त्या मुलाला पुन्हा बोलावले. अण्णा त्या दिवशी यार्डात गेले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसून राहिले. सायंकाळी आकडा दिसला: 8 जीबी, वापरण्याजोगे 7.9.

त्या महिन्याचे विवरणपत्र 17 तारखेलाच गेले. हिशेबनिसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

राहिली ती पट्टीच्या बिलाची नोंद. अण्णा म्हणाले, "दुरुस्ती खात्याला नावे टाक."

"अण्णा, ही दुरुस्ती नव्हे. यंत्राची क्षमता वाढली. संगणक खात्यालाच नावे पडेल, आणि त्यावर 40 टक्के घसारा."

अण्णांनी क्षणभर बिलाकडे पाहिले. मग त्यावर लाल पेन्सिलीने "संगणक" असे लिहिले, खाली सही केली आणि बिल फाइलला लावण्यासाठी सूनबाईंकडे दिले.