बारा आणि एकोणीसच्या मधे

आमच्या घरात सध्या व्हिएन्ना सुरू आहे. दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या टूरचं माहितीपत्रक लेकीने आधीच निकालात काढलं. "म्हणजे बसमधून उतरायचं, फोटो काढायचे, परत बस?" मग ठरलं की एकच शहर, आठ रात्री आणि स्वयंपाकघर असलेली जागा. खिशालाही तेच झेपणार होतं म्हणा!

लेक पंधरा वर्षांची. हिशेब मांडायला बसलं की कळतं, हे वय भारी गमतीचं आहे. शेंगेन व्हिसाला सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि बारा पूर्ण झाली की माझ्याएवढेच ९०. (जून २०२४ पर्यंत ८० होते.) बोटांचे ठसेही बारापासूनच. विमानाचं तिकीट पूर्ण. जेवणाचं तर विचारूच नका, तिथे आम्हा दोघांनाही ती मागे टाकते.

म्युझियमच्या दारात मात्र हीच बाई एकदम लहान होते. ऑस्ट्रियाच्या सरकारी संग्रहालयांत २०१० पासून एकोणीस वर्षांखालच्या सगळ्यांना प्रवेश फुकट. ब्रूगेलच्या चित्रांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह असलेलं कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम आणि क्लिम्टचं 'द किस' असलेलं बेल्व्हेदेर, दोन्ही तिला मोफत. आम्हाला कुन्स्टहिस्टोरिशेसचे माणशी वीस युरोंच्या वर मोजायचे. "मी आत जाते, तुम्ही बाहेर बाकावर बसा," असा प्रस्ताव तिने मांडला आहे. :-)

स्वस्तातल्या गोष्टी शोधायला गेलं तर हे शहर उदार आहे. आल्प्समधून येणारं झऱ्याचं पाणी १८७३ पासून नळाला आहे, त्यामुळे बाटली भरून फिरायचं. शोनब्रुनचा राजवाडा तिकिटाचा, पण बाग फुकट. ७१ नंबरच्या ट्रामने जायचं ते सेंट्रालफ्रीडहोफला, जिथे बेथोव्हेन, शुबर्ट आणि ब्राम्स जवळजवळ पहुडलेत. "आई, सुट्टीत दफनभूमी?" असं म्हणून झालं, पण यादीतून खोडलं नाही. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारीच दूध, ब्रेड, अंडी आणून ठेवायची. मेतकूट आणि खिचडीचं सामान इथूनच नेणार, त्यावर वाद नाही.

खरा प्रसंग आला तो कागदपत्रांच्या दिवशी. व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा लागतो, अल्पवयीन मुलासाठी आईवडिलांची संमती लागते आणि बँकेचं स्टेटमेंट लागतं. ते टेबलावर पडलं होतं. तिने उचललं आणि वाचत बसली. मी काढून घेणार होते, पण घेतलं नाही.

आमच्या लहानपणी वडिलांचा पगार किती हे आम्हाला लग्नापर्यंत माहीत नव्हतं. पैशांबद्दल विचारणं म्हणजे आगाऊपणा. आणि इथे ही घराचा हप्ता, आजीच्या औषधांचे पैसे, स्वतःच्या क्लासची फी, सगळं ओळीने वाचत होती. कपाळावर एक आठी. मग म्हणाली, "क्लासची फी विमानाच्या तिकिटाहून जास्त आहे?" मी हो म्हटलं. पुढे काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी बघते तर यादीतलं प्राणिसंग्रहालय गायब. १७५२ चं, जगातलं सर्वांत जुनं चालू असलेलं, तिचं पहिल्यापासून ठरलेलं! मी ते परत लिहिलं. तिने पुन्हा खोडलं. बाबाने मधे पडून सांगितलं, की पैसे किती आहेत हे कळणं वेगळं आणि ते कमी आहेत असं वाटणं वेगळं. ते तिला पटलं की नाही, कोण जाणे. पण आता खर्चाचा रकाना तीच भरते, आणि युरोला शंभराने गुणून मोकळी होणाऱ्या आईला "वरचे पण धर" म्हणून दटावते. खरं सांगू? मला ते आवडतंही आणि जरा टोचतंही. एवढ्यात तिने काटकसर करू नये असं वाटतं.

प्राणिसंग्रहालय अखेर राहिलं, बाबाच्या नावावर.

आता भांडण फक्त शुक्रवारचं उरलंय. मला ऑपेरात उभ्याने बघायची स्वस्त तिकिटं काढायची आहेत. तिला तो दिवस संपूर्ण रिकामा हवाय, काहीही न ठरवलेला. आठातला एक अख्खा दिवस, भाडं भरून, रिकामा! तिचं म्हणणं, ते पण मोफतच आहे ना.