मधला गडी

आमच्याकडे गडी या शब्दाचे दोन अर्थ. सालानं ठेवलेला, वावरात राबणारा तो गडी. अन् खेळात डाव खेळणारा तोही गडीच. माझा धाकटा भाऊ दोन्ही अर्थानं गडी होता. त्यातला एक अर्थ माझ्यामुळं मिटला. ही गोष्ट ४४ वर्षं मी कोणाजवळ बोललो नाही.

आमचं गाव कन्हान नदीच्या काठी, कामठीपासून दोन कोसांवर. कामठी म्हणजे इंग्रजांची जुनी छावणी. तिथं फुटबॉलचा नाद पिढ्यान्‌पिढ्यांचा. आम्ही बंडीत वांगे, सांबार, मेथी घालून कामठीला जायचो. माल विकून होईस्तोवर भाऊ मैदानाच्या कडेला उभा राहायचा. एक दिवस कडेचा आत गेला अन् तिथल्या एका क्लबात खेळू लागला. बूट दुसऱ्याचे, एक नंबर मोठे. पुढं बोटांपाशी आमच्याच वावरातला कापूस कोंबायचा.

मी १९७५ सालचा, दहावीच्या पहिल्या बॅचचा. पुढं शिकलो नाही. बाबांना दम्यानं धरलं, घर माझ्यावर आलं. मला फुटबॉलातलं काही समजत नव्हतं. गोल कोण मारतो तेवढंच मी पाहायचो. भाऊ काही गोल मारायचा नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "तू तिथं करतं तरी काय बे?"

तो म्हणाला, "दादा, मी दांडावर उभा असतो."

मग त्यानं समजावून सांगितलं. विहिरीचं पाणी दांडातून येते. दांडावरचा गडी फावड्यानं एक वाफा बंद करते, दुसरा फोडते. कोणता वाफा भरला, कोणता कोरडा, हे त्याला न पाहता समजलं पाहिजे. मैदानात मधला गडी हेच करते. मागून आलेला बॉल घ्यायचा, कोण मोकळा आहे ते पाहायचं, तिकडं वळवायचा. बॉल आपल्याजवळ ठेवायचा नाही. "पीक आलं तर ढिगाची तारीफ होते, ओलित करणाऱ्याची कोणी करत नाही. पण तो झोपला का वावर वाळलंच समज."

मधला गडी एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर धावतो, हे मला फार उशिरा समजलं. पस्तिशीच्या आसपास बहुतेकांचे पाय थकतात, खेळ संपतो. म्हणजे या धंद्यात उमेदीची वर्षं मोजकीच. त्यात दार उघडायची वेळ एखादीच येते.

भावाची ती वेळ १९८१ च्या जानेवारीत आली. शनिवारी कामठीत मी भाजी विकत होतो. त्याच्या क्लबातले एक चाचा आले अन् म्हणाले, "परसों, सोमवार, सुबह सात बजे, नागपूर. छोटे को भेज देना, भूलना मत." एका कचेरीच्या संघासाठी खेळाडू पाहणार होते. निवड झाली तर नोकरी. पगार महिन्याचा, खेळ रोजचा.

आमची विहीर भाऊबंदांत सामायिक. पाण्याची पाळी वारानं ठरलेली. सोमवार-मंगळवार आमचा. गहू ओंबीवर आलेला, बाबा खाटेवर, मजुराला द्यायला पैसे नाहीत. बंडी हाकत घरी येईस्तोवर मी हिशेब केला. दोघांनी ओलित केलं तर गहू वाचते. एकट्याच्यानं होत नाही.

मी निरोप दिला नाही.

मंगळवारी रात्री, शेवटचा वाफा भरल्यावर सांगितलं, "आजच निरोप भेटला." बुधवारी तो पहाटे निघून नागपूरला गेला अन् दुपारच्या गाडीनं वापस आला. "झाली भरती," एवढंच बोलला. उन्हाळ्यापर्यंत तो कामठीला जात होता. मग जाणं कमी झालं. बूट गोठ्यातल्या खुंटीवर टांगले ते टांगलेच राहिले. भाऊ माझ्यासोबत वावरात राबला, त्याचं लग्न झालं, पोरं झाली. वाटणी त्यानं कधी मागितली नाही.

२००१ च्या सुमारास मी कॉटन मार्केटला भाजी न्यायचो. त्याच नागपुरात हिस्लॉप कॉलेजातले खेळाचे शिक्षक विजय बारसे सरांनी पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडताना पाहिली. त्यांनी त्या पोरांना बॉल दिला, त्यांचे सामने भरवले. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं. नागराज मंजुळ्यांचा 'झुंड' २०२२ साली आला तेव्हा ही गोष्ट सगळ्यांना समजली. याच नागपूरच्या वस्तीतला अखिलेश पॉल २०१० साली ब्राझीलच्या रिओ शहरात झालेल्या होमलेस वर्ल्ड कपात भारताचा कर्णधार होता. त्या स्पर्धेचा एक नियम मी ऐकला अन् त्या रात्री मला झोप आली नाही. बेघर, गरीब माणसांसाठीची ती स्पर्धा, अन् एका खेळाडूला तिथं जन्मात एकदाच खेळता येते. पुढच्या साली दुसऱ्याची पाळी. मला आमची विहीरच आठवली. फरक एवढा का अखिलेशची पाळी कोणी दाबून ठेवली नाही.

मग २०१७ साल आलं. सतरा वर्षांखालच्या पोरांचा वर्ल्ड कप आपल्या देशात झाला. ९ ऑक्टोबरला दिल्लीत भारत अन् कोलंबिया यांचा सामना होता. मी, भाऊ अन् माझा सहा वर्षांचा नातू, तिघं टीव्हीसमोर बसलो. संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता म्हणून नातवाच्या तोंडी त्याचंच नाव. भाऊ मात्र मधल्या पोरांकडं पाहत होता. कर्णधार अमरजित सिंग अन् त्याचा चुलतभाऊ जिक्सन सिंग, दोघंही मधल्या फळीतले, दोघंही मणिपुरातल्या एकाच गावचे. अमरजितचा बाप शेतकरी. जिक्सनच्या बापाला आजारानं घरी बसवलं, आई इंफाळच्या बाजारात भाजी विकते. तिच्या भाजीवर घर चाललं अन् पोरगा मैदानात राहिला. मीही भाजीच विकत होतो.

८२ व्या मिनिटाला कॉर्नर आला अन् जिक्सननं डोक्यानं गोल केला. फुटबॉलच्या वर्ल्ड कपात भारताचा तो पहिला गोल. तो केला मधल्या गड्यानं. नातू नाचला. मिनिटभरात कोलंबियानं गोल फेडला अन् सामना २-१ नं जिंकला. नातू रडायला लागला. भाऊ त्याला म्हणाला, "रडू नको. त्यानं वाफा भरला, आता फुटला तर काय करन तो?" अन् पदरानं डोळे पुसावे तसे त्यानं दुपट्ट्यानं आपले डोळे पुसले. तो दिवसही सोमवारच होता. जिक्सन पुढं केरळ ब्लास्टर्समध्ये खेळला, देशाच्या मोठ्या संघात गेला, नंतर कोलकात्याच्या ईस्ट बंगालनं त्याला घेतलं.

नातू आता चौदाचा झाला. तोही मधेच खेळतो. भावानंच शिकवलं त्याला, वावराच्या धुऱ्यावर. २०२५ च्या जानेवारीत माझ्या मोबाईलवर निरोप आला. नागपूरला निवड चाचणी, उद्या सकाळी सात वाजता. पोट्ट्याजवळ मोबाईल नाही, म्हणून मास्तरांनी माझा नंबर दिलेला. वावरात गहू उभा. लाईन रात्री बाराची. मोबाईल हातात धरून मी आंगणात उभा राहिलो. माझे हात कापत होते.

भाऊ गोठ्यात होता. मी जाऊन सांगितलं, "पोट्ट्याले उद्या बोलावलं हाय." अन् मग थांबता आलं नाही. "तुहा निरोप मले शनिवारीच भेटला होता. एक्याऐंशी साली."

त्यानं वैरण टाकता टाकता विचारलं, "सोमवारचं होतं नं?"

"हाव."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सोमवारी विहीर आपली होती. गहूही चांगला झाला होता त्या साली." आणखी एक पेंढी सोडली. "पण दादा, सांगाचं होतं. मीच थांबलो असतो, का गेलो असतो, ते मले ठरवू द्याचं होतं."

याच्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्या रात्री मोटार मी सुरू केली. वयाच्या ६६ व्या वर्षी फावडं घेऊन एकट्यानं दांडावर उभा राहिलो. थंडीनं पाय सुन्न झाले, अर्धा गहू कोरडा राहिला. पहाटे पाचला भाऊ पोट्ट्याला मोटरसायकलवर बसवून नागपूरला निघाला. मी धुऱ्यावरून गाडीचा लाईट दिसेनासा होईस्तोवर पाहिला.

निवड झाली नाही. यादी लागली, तिच्यात पोट्ट्याचं नाव नव्हतं. वरून खाली, खालून वर, दोनदा वाचली म्हणे त्यानं. तो सांगत होता अन् मी भावाकडं पाहत होतो. भावाला यादी वाचायलाही मिळाली नव्हती.

"पुढच्या साली पुन्हा जाऊ," भाऊ नातवाला म्हणाला. अन् फावडं घेऊन राहिलेला गहू ओलायला निघाला.