नातवंडांचे मैदान आणि आजी-आजोबांचा बाक

सत्तरीच्या घरातील आजी-आजोबा तीन-चार वर्षांच्या नातवंडाला घेऊन दवाखान्यात येतात, तेव्हा तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. मूल नीट जेवत नाही, रात्री वेळेवर झोपत नाही, हातातला मोबाइल काढून घेतला की आकांत करते. आणि सोबत एक विनंती असते, भूक वाढवणारे एखादे टॉनिक लिहून देण्याची. वजन, डोळ्यांतील फिकेपणा, कान, घसा, पोट हे सारे पाहून झाले आणि काही वावगे आढळले नाही, की मी विचारते, ‘‘संध्याकाळी हा खेळायला कुठे जातो?’’ उत्तर बहुतेक वेळा एकच येते, ‘‘रविवारी आईबाबा नेतात.’’

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार तीन ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी आणि त्यांपैकी किमान ६० मिनिटे ती धाप लागण्याइतकी जोमदार असावी. दोन ते चार वर्षांच्या मुलाने पडद्यासमोर एका जागी तासाभराहून अधिक बसू नये, आणि हा वेळ जितका कमी तितका चांगला. दोन खोल्यांच्या घरात असा जोमदार तास भरून निघणे अवघड असते. म्हणून प्रश्न रविवारचा नसून उरलेल्या सहा दिवसांचा आहे, आणि त्या सहा दिवसांत मूल पुष्कळदा आजी-आजोबांच्या हाती असते.

मैदान म्हटले की आपल्या मनात नामांकित बागा येतात. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली धावू लागलेल्या ‘फुलराणी’त लहानपणी बसलेले आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. मुंबईत मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातील म्हातारीचा बूट न पाहता मोठी झालेली मुले थोडी. या जागा प्रिय आहेतच. पण त्या सणाच्या पक्वान्नासारख्या आहेत. मुलाची वाढ रोजच्या वरणभातावर होते. रोजचे मैदान निराळे शोधावे लागते.

गेल्या वर्षी आमची लेक नोकरीनिमित्त पुण्यात परतली आणि सव्वातीन वर्षांची नात आमच्याकडे राहू लागली. दुपारी चारनंतर तिला सांभाळायचे काम यजमानांकडे आले. ते निवृत्त आहेत, पासष्टीचे आहेत आणि गुडघेदुखीने बेजार असतात. त्या महिन्यात आम्ही दोघांनी घराभोवतालची पाच मैदाने पायी फिरून पाहिली. नातीला एकदाही सोबत नेले नाही. मूल बरोबर असले की झोपाळा दिसतो, बाकीचे काही दिसत नाही. ज्या वेळी रोज जायचे त्याच वेळी जाऊन अर्धा तास नुसते बसायचे, असा आमचा नेम होता.

पाचांपैकी सर्वांत देखणे मैदान आम्ही सोडून दिले. रंगीत घसरगुंड्या होत्या, जमिनीवर रबराचा थर होता. पण तिथे पोहोचण्यास चौपदरी रस्ता ओलांडावा लागे, सावलीत एकही बाक नव्हता आणि स्वच्छतागृहाला कुलूप होते. निवडले ते सर्वांत साधे. दोन झोपाळे, एक बुटकी घसरगुंडी, वाळूचा चौकोन आणि कडुनिंबाखाली पाठ टेकता येईल असा बाक. घरापासून सहा मिनिटांची वाट. या शोधातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. लहान मूल मैदानावर किती वेळ खेळेल, हे तेथील खेळण्यांच्या संख्येवर ठरत नाही. त्याला घेऊन आलेले वडीलधारे माणूस तेथे किती वेळ सुखाने बसू शकते, यावर ठरते.

म्हणून मैदान पारखताना आधी स्वतःची सोय पाहावी. यात स्वार्थ नाही. दहा मिनिटांपेक्षा लांबची वाट पहिल्या आठवड्याचा उत्साह ओसरला की जड वाटू लागते. बाकाला पाठ आणि हात असावेत. हात असले की गुडघे दुखणाऱ्यांना उठणे सोपे जाते. बाकावरून घसरगुंडी, झोपाळा आणि फाटक ही तिन्ही ठिकाणे एका नजरेत यावीत. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या किंवा लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या रुग्णांना स्वच्छतागृह जवळ नसेल, तर ते वीस मिनिटांत परतीची घाई करतात, हे मी पाहिले आहे. मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, खिशात साखर किंवा ग्लुकोज बाळगावे. पायऱ्या उतरताना द्विकेंद्री चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते; तेथे मान खाली करून वरच्या भागातून पाहावे आणि कठडा धरावा.

त्यानंतर कुंपण. माझ्या एक रुग्ण आजी, वय ६८, उघड्या फाटकातून रस्त्याकडे धावलेल्या नातवामागे पळाल्या आणि पेव्हर ब्लॉकला ठेचकाळून पडल्या. नातू सुखरूप राहिला. आजींचे मनगट मोडले. प्लॅस्टरमधला हात सावरीत त्या मला म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, हात जुळेल हो. पण सहा आठवडे पोराला बाहेर कोण काढणार?’’ त्या वाक्यात पुष्कळ काही होते. घरातील एक म्हातारे माणूस पडले की मुलाचे मैदानही बंद होते. आता त्या मागच्या गल्लीतील मैदानावर जातात. तेथे येण्याजाण्याची एकच वाट आहे आणि त्या वाटेजवळच बाक आहे.

खेळण्यांखालची जमीन पाहण्यास विसरू नये. मुले पडतात आणि पडावीतही; पण डोक्याला आणि हाताला होणारी इजा कशावर पडले यावर फार अवलंबून असते. काँक्रीट, फरशी, घट्ट बसलेली माती, किंबहुना विरळ हिरवळसुद्धा उंच खेळण्याखाली पुरेशी नव्हे. सुमारे फूटभर जाडीची सैल वाळू किंवा जाड रबरी थर हवा. चप्पल काढून टाच दाबून पाहावी. टाच रुतली नाही, तर उंच घसरगुंडी सोडून द्यावी. कठड्याच्या गजांमधील फटही पाहावी. मूठ सहज आत जाते, पण वीतभर रुंदी नाही, अशी फट धोक्याची. मुलाचे अंग तीतून पायाकडून सरकते आणि डोके अडकते.

प्रेमापोटी आपण जे करतो, त्याबद्दलही सांगितले पाहिजे. नातवाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून खाली येणे अनेकांना सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात मुलाचा बूट कडेला अडकतो. ते एकटे असते तर कदाचित थांबले असते, पण मोठ्या माणसाच्या वजनाने अंग पुढे जाते आणि नडगीचे हाड पिळवटून मोडते. ही इजा वैद्यकशास्त्राला चांगली परिचित आहे. मुलाला एकट्याने उतरता येत नसेल, तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी अजून मोठी आहे, एवढाच त्याचा अर्थ. खेळायला नेताना गळ्यातील साखळी, ताईताचा गोफ, ओढणी घरी ठेवावी. या गोष्टी खेळण्यात अडकून गळ्याला फास बसू शकतो. आणि हल्ली बागांतून बसवलेली ओपन जिमची यंत्रे ही खेळणी नव्हेत. त्यांच्या हलत्या सांध्यांत लहान बोटे चिरडतात आणि झुलणारे दांडे नेमके मुलाच्या डोक्याच्या उंचीवर येतात. बालविभागाला लागूनच ती असतील, तर आपला बाक त्या दोहोंच्या मध्ये निवडावा.

ऋतूंचेही भान हवे. उन्हाळ्यात पत्र्याच्या घसरगुंडीला आधी आपल्या हाताची मागची बाजू लावून पाहावी. पावसाळ्यात शेवाळलेली फरशी मुलापेक्षा आपल्यालाच अधिक घातक. जुन्या टायरमध्ये साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी, म्हणजे आपल्या खेळण्याच्या वेळीच. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. कुत्रे चावले किंवा ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी लसीसाठी डॉक्टरांकडे जावे.

जवळपास असे मैदानच नसेल तर? देवळाचे आवार, शाळा सुटल्यानंतरचे पटांगण, गाड्या निघून गेल्यावर सोसायटीत मोकळी होणारी जागा, यांची चौकशी करावी. अंगणवाडीच्या ताई, दूधवाले, सोसायटीचे रखवालदार यांना परिसर आपल्याहून चांगला ठाऊक असतो. आणि मैदान आहे पण झोपाळ्याची साखळी तुटली आहे, बाक मोडला आहे, असे असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाकडे किंवा नगरपालिकेकडे लेखी अर्ज करावा. त्यात नेमकी जागा, नेमका दोष आणि तारीख लिहावी, पोच घ्यावी आणि शक्य तर चार आजी-आजोबांच्या सह्या जोडाव्यात. निवृत्त माणसांजवळ पाठपुराव्यासाठी वेळ असतो. तो याहून चांगल्या कामी क्वचितच लागेल.

मुलगा-सुनेशी, लेक-जावयाशी एक गोष्ट स्पष्ट बोलावी. ज्या दिवशी चक्कर येते, गुडघा सुजला आहे किंवा दोन धावरी मुले एकट्याने सांभाळायची आहेत, त्या दिवशी ‘‘आज मला जमणार नाही’’ असे म्हणणे हे कर्तव्यात कसूर नव्हे. तरुण मंडळींनीही आठवड्यातून किमान दोन संध्याकाळी ही जबाबदारी स्वतःकडे घ्यावी आणि मैदान एकदा स्वतः पाहून यावे.

यजमानांचा गुडघा बरा झालेला नाही. पण रोजचे जाणे-येणे धरून बारा मिनिटांचे चालणे त्यांना न सांगता घडते आहे. कडुनिंबाखाली त्यांच्याच वयाचे आणखी तिघे जमतात. नात घसरगुंडीच्या पायऱ्या आता कठड्याला न धरता चढते, आणि साडेआठला झोपते.